सैनिकी सेवेनंतरची शेती : कौशल्य प्रशिक्षणाचा शोध आणि चेन्नईचे उदाहरण

देशाच्या तिन्ही संरक्षण दलांतून दरवर्षी सुमारे ६० हजार अधिकारी व जवान सेवामुक्त होतात. त्यांतील बहुसंख्य जवानांचे वय त्या वेळी ३५ ते ४५ वर्षांच्या दरम्यान असते. नागरी नोकरीतील माणूस ज्या वयात बढतीची वाट पाहत असतो, त्या वयात सैनिक गणवेश उतरवून गावी परततो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि घरची शेती बहुधा भावाने किंवा पत्नीने सांभाळलेली असते. हाती दरमहाच्या निवृत्तिवेतनाबरोबर उपदान, भविष्य निर्वाह निधी व अंशराशीकरण मिळून एक मोठी रक्कम आलेली असते. एवढी रक्कम त्याच्या आयुष्यात पुन्हा एकत्र येणार नसते.

सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यांना पुढचा भाग परिचित आहे. अपशिंगे मिलिटरीसारख्या, घराघरांत सैनिकी परंपरा असलेल्या गावांच्या या पट्ट्यात निवृत्त जवान पहिल्या काही महिन्यांतच गोठा बांधतो, कुक्कुटपालनाची शेड उभारतो किंवा ट्रॅक्टर घेतो. शिस्त, कष्टाची तयारी, वेळेचे भान हे सारे त्याच्यापाशी असते. मात्र ज्या व्यवसायात तो पैसा घालतो, त्या व्यवसायाचे शिक्षण झालेले नसते. कृषी विज्ञान केंद्राकडे तो येतो तेव्हा अनेकदा गोठा बांधून झालेला असतो, गाई विकत घेऊन झालेल्या असतात आणि पहिला कासदाह होऊन गेलेला असतो. त्या टप्प्यावर दिलेला सल्ला हा दुरुस्तीचा सल्ला ठरतो.

सैनिकांसाठी प्रशिक्षणाच्या सोयी नाहीत, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. सोयी दोन वेगवेगळ्या दालनांत आहेत आणि एका दालनातील माणसाला दुसऱ्या दालनाची वाट क्वचितच माहीत असते. सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत चालते. शेती, पशुसंवर्धन व मत्स्यपालनाचे प्रशिक्षण कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे व संशोधन संस्था देतात. ही दोन्ही दालने एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरात पाहावयाची असतील तर चेन्नईसारखे दुसरे ठिकाण नाही. शिवाय महाराष्ट्राचा या शहराशी असलेला संबंध वरवर वाटतो त्याहून अधिक जवळचा आहे.

पुनर्वसन महासंचालनालयाची व्यवस्था

संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाखाली पुनर्वसन महासंचालनालय काम करते. सैनिकांत ते ‘डीजीआर’ या नावाने ओळखले जाते. सेवामुक्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या जवानांना व अधिकाऱ्यांना नागरी व्यवसायाचे शिक्षण मिळावे, यासाठी हे महासंचालनालय देशभरातील संस्थांमार्फत अभ्यासक्रम चालविते. कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी व जवान यांच्या अभ्यासक्रमांचे शुल्क महासंचालनालय भरते. अधिकाऱ्यांच्या बाबतीत ६० टक्के शुल्क शासनाचे व ४० टक्के अधिकाऱ्याचे असते. चेन्नई व महाराष्ट्र ही दोन्ही ठिकाणे महासंचालनालयाच्या दक्षिण विभागात मोडतात आणि त्या विभागाचे कार्यालय पुण्यात आहे.

येथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, हा अर्ज सेवेत असतानाच युनिटमार्फत करावयाचा असतो. अभ्यासक्रमांची यादी युनिटमध्ये येते, पण ती वाचून कोणता अभ्यासक्रम आपल्या जमिनीला व आपल्या गावाला उपयोगी पडेल हे ठरविण्यास तेथे कृषितज्ज्ञ नसतो. दुसरी गोष्ट अशी की महासंचालनालयाच्या खर्चाने एका व्यक्तीला सामान्यतः एकच अभ्यासक्रम करता येतो. मित्राने सुरक्षा पर्यवेक्षकाचा अभ्यासक्रम निवडला म्हणून आपणही तोच निवडला, असे झाले तर ती संधी खर्ची पडते. गावी जाऊन दुग्धव्यवसाय करावयाचा आहे हे ठरलेले असेल, तर ही संधी त्याच दिशेने वापरली पाहिजे.

सेवामुक्तीनंतर संपर्काचे ठिकाण बदलते. तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे पहिले दार होय. महाराष्ट्रात या कार्यालयांवर पुण्यातील सैनिक कल्याण विभागाचे नियंत्रण आहे. माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, ही याच क्षेत्रातील दुसरी संस्था. तमिळनाडूत मेस्कोचे काम करणारी संस्था टेक्सको या नावाने १९८६ पासून चेन्नईत आहे. दोन्ही महामंडळांचा मोठा व्यवहार सुरक्षा रक्षक पुरविण्याचा आहे. पहारेकऱ्याची नोकरी लवकर मिळते, घराजवळ मिळते व जोखमीची नसते, त्यामुळे माजी सैनिकाचा पहिला कल तिकडे असणे स्वाभाविक आहे. पण वीस वर्षे रणगाड्याचे इंजिन दुरुस्त करणारा कुशल माणूस एखाद्या गोदामाच्या दाराशी बसतो, तेव्हा गावाचे नुकसान होते. त्याच गावात ठिबक संचाची व पंपांची दुरुस्ती करणारा माणूस शोधून सापडत नसतो.

एकाच शहरातील दोन दालने

चेन्नईत सेंट जॉर्ज किल्ल्यात लष्कराच्या दक्षिण भारत क्षेत्राचे मुख्यालय आहे. ते पुण्याच्या दक्षिण कमांडच्या अधिपत्याखाली येते. तांबरम येथे वायुदलाचे मोठे केंद्र असून तेथे यांत्रिकी शाखेचे शिक्षण दिले जाते. नौदलाचे ‘आयएनएस अड्यार’ व तटरक्षक दलाचे पूर्व विभागीय मुख्यालय याच शहरात आहे. आवडी येथे १९६५ पासून रणगाडे बनविणारा अवजड वाहन कारखाना आहे. या सर्व आस्थापनांत महाराष्ट्रातील जवान व अधिकारी नेमणुकीवर असतात.

आता दुसरे दालन पाहावे. वेपेरी भागात १९०३ साली स्थापन झालेले मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते ज्या तमिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, त्याचे मुख्यालयही चेन्नईतच असून विद्यापीठाची स्थापना १९८९ ची आहे. तांबरमच्या दक्षिणेस, चेंगलपट्टू जिल्ह्यातील कट्टुपाक्कम येथे याच विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाचे माहिती व प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे शहरातील लोकांसाठी अळिंबी उत्पादन, गच्चीवरील भाजीपाला अशा विषयांचे अल्प मुदतीचे वर्ग भरतात. देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र २१ मार्च १९७४ रोजी याच विद्यापीठाच्या देखरेखीखाली जवळच्या पुदुच्चेरी येथे सुरू झाले होते. तांबरमला नेमणूक असलेल्या वायुसैनिकाला कट्टुपाक्कम काही फार दूर नाही. तरीही हे केंद्र त्याच्या पाहण्यात सहसा येत नाही. कारण ते त्याला कोणी दाखवीत नाही.

भाषेचा अडसर मात्र मान्य करावा लागतो. कृषी विज्ञान केंद्रांचे वर्ग स्थानिक शेतकऱ्यांसाठी असतात आणि तेथे तमिळ चालते. मराठी जवानाने तेथे पूर्ण अभ्यासक्रम करावा असा आग्रह व्यवहार्य नाही. पण गोठ्याची रचना, चाऱ्याची लागवड, शेळ्यांचे गट, करडांची निगा हे पाहण्यास भाषा फारशी आड येत नाही. शनिवार-रविवारच्या दोन-तीन भेटींत त्याला एवढे कळू शकते की हा व्यवसाय आपल्याला झेपेल की नाही. प्रशिक्षणाचा अर्धा उपयोग या निर्णयासाठी असतो आणि ‘झेपणार नाही’ हे उत्तर वेळेवर मिळाले तर तेही लाभाचेच आहे.

मुत्तुकाडू आणि रायगडचा जिताडा

कोकणातील विस्तार कार्यकर्त्यांच्या दृष्टीने चेन्नईतील सर्वांत महत्त्वाची संस्था म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची केंद्रीय निमखारे जलजीव संवर्धन संस्था. ‘सिबा’ या संक्षिप्त नावाने ती परिचित असून १९८७ मध्ये तिची स्थापना झाली. शहराच्या दक्षिणेस समुद्रकिनारी मुत्तुकाडू येथे तिचे प्रायोगिक केंद्र आहे. रायगड व रत्नागिरीतून नौदलात व तटरक्षक दलात गेलेल्या जवानांसाठी हे केंद्र विशेष उपयोगाचे आहे.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात तळ्यातील जिताड्याला किती मान आहे, हे सांगावयास नको. पूर्वापार पद्धतीत पावसाळ्यात खाडीतून मिळणारी पिल्ले तळ्यात सोडली जातात. पिल्ले किती मिळतील, कोणत्या आकाराची मिळतील यावर शेतकऱ्याचा ताबा नसतो. सिबाने १९९७ मध्ये जिताड्याचे नियंत्रित प्रजनन यशस्वी केले आणि उबवणी केंद्रातील बीज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला.

बीज मिळाले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. जिताडा मांसाहारी आहे आणि लहानपणी तो स्वजातिभक्षक असतो. मोठे पिल्लू लहान पिल्लाला गिळते. म्हणून बोटभर पिल्ले थेट मोठ्या तळ्यात न सोडता ती आधी हाप्यांत किंवा टाक्यांत वाढवावी लागतात आणि दर काही दिवसांनी आकारानुसार वेगळी करावी लागतात. प्रतवारीत आठवड्याची हयगय झाली तरी संख्या झपाट्याने घटते. खाद्यही कार्पसारखे कोंडा व पेंडीचे चालत नाही, अधिक प्रथिनांचे लागते आणि पिल्लांना तयार गोळी खाद्याची सवय लावावी लागते. हा मासा गोड्या पाण्यापासून समुद्राच्या खारटपणापर्यंत सर्वत्र तग धरतो, पण एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेताना त्याला हळूहळू सरावावे लागते. ही सारी कामे हाताने, डोळ्यांसमोर करून शिकण्याची आहेत. पुस्तिका वाचून ती येत नाहीत.

नौदलातील इंजिन विभागात काम केलेल्या माणसाचा येथे दुहेरी उपयोग आहे. तळ्यावरील पंप, पाण्यात हवा मिसळणारी यंत्रे व जनित्र ही रात्री-अपरात्री बंद पडतात. पाण्यातील विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो आणि नेमक्या त्या वेळी यंत्र बंद राहिले तर सकाळपर्यंत मासे दगावलेले असतात. बोटीवर रात्रपाळी केलेल्या माणसाला ही जबाबदारी वेगळी शिकवावी लागत नाही.

किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचे मुख्यालयही चेन्नईतच आहे. २००५ च्या अधिनियमानुसार भरतीरेषेपासून २ किलोमीटरच्या आत खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्यात कोळंबी वा मत्स्यसंवर्धन करावयाचे असेल, तर या प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक आहे. हा नियम रायगड, पालघर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या चारही जिल्ह्यांना लागू आहे. परदेशातून येणारे व्हेनामी कोळंबीचे प्रजननक्षम जनकही चेन्नईजवळच्या नीलांकरै येथील विलगीकरण केंद्रातून पुढे जातात. म्हणजे कोकणातील कोळंबी संवर्धकाचा चेन्नईशी संबंध येतोच. तो निवृत्तीनंतर कागदपत्रांच्या निमित्ताने येण्यापेक्षा नेमणुकीच्या काळात शिकण्याच्या निमित्ताने आलेला बरा.

सेवेतील कामाचा हिशेब

जवानाला ‘तुम्हाला काय येते?’ असे विचारले तर तो बहुधा ‘फौजेत होतो’ एवढेच सांगतो. विस्तार कार्यकर्त्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे : कोणत्या कामावर होता? वाहन दुरुस्ती करणारा जवान अवजारे बँक चालवू शकतो. त्याला रोटाव्हेटर, पेरणी यंत्र व मळणी यंत्राची ओळख करून दिली की पुरते. भांडार सांभाळलेला हवालदार नोंदी, आवक-जावक व नासाडी यांचा हिशेब चोख ठेवतो. शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामाला असा माणूस हवा असतो. शुश्रूषा सहायकाला निर्जंतुकीकरणाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही, म्हणून गोठ्यातील जैवसुरक्षा त्याच्या लवकर अंगवळणी पडते. दूरसंचार विभागातील माणसाला सौरपंपाचे नियंत्रक व स्वयंचलित सिंचनाची यंत्रणा समजण्यास वेळ लागत नाही.

लष्कराचा दुग्धव्यवसायाशीही थेट संबंध होता, हे नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. पहिले लष्करी दुग्धालय १८८९ मध्ये अलाहाबाद येथे सुरू झाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ‘फ्रीजवाल’ ही संकरित गाय विकसित केली, ती याच लष्करी फार्मांच्या कळपांवर. हे फार्म २०२१ मध्ये बंद झाले. फौजेत राहून दुभत्या जनावरांचे काम शिकण्याचा तो मार्ग आता नाही, त्यामुळे बाहेरच्या प्रशिक्षणाची गरज वाढली आहे.

अनुभव असूनही कागद नसणे, ही सैनिकांची नेहमीची अडचण आहे. कौशल्य विकास योजनेतील ‘पूर्वशिक्षणाची मान्यता’ ही तरतूद यासाठी उपयोगी पडते. ज्याला काम आधीच येते, त्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची ही पद्धत आहे. भारतीय कृषी कौशल्य परिषदेच्या सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ, ट्रॅक्टर चालक, हरितगृह चालक यांसारख्या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याशी जोडलेली असून अनेक कृषी विज्ञान केंद्रांनी असे सुमारे २०० तासांचे वर्ग घेतले आहेत.

ड्रोनच्या बाबतीत थोडे सावधपणे बोलले पाहिजे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार फवारणीचे ड्रोन व्यवसायासाठी चालविणाऱ्यास दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र लागते. वय १८ ते ६५ व शिक्षण किमान दहावी ही त्याची अट आहे आणि प्रशिक्षण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेतूनच घ्यावे लागते. चेन्नई हे ड्रोन निर्मितीचे मोठे केंद्र झाले असून वायुदलातील तंत्रज्ञांचा ओढा तिकडे असणे साहजिक आहे. परंतु फवारणीचे काम हंगामापुरते असते आणि बॅटऱ्यांचा खर्च मोठा असतो. केवळ उडविण्याचे प्रमाणपत्र घेतलेल्या माणसापेक्षा दुरुस्तीही येणारा माणूस या व्यवसायात अधिक टिकेल, असे दिसते.

निवृत्तिवेतन नसलेले दोन गट

आतापर्यंतचे विवेचन निवृत्तिवेतन मिळणाऱ्या जवानांविषयी झाले. त्यांचा व्यवसाय फसला तरी चूल पेटती राहते. दोन गटांना हा आधार नाही.

पहिला गट अल्पसेवा राजादिष्ट अधिकाऱ्यांचा. त्यांच्या प्रशिक्षणाशी चेन्नईचे जुने नाते आहे. सेंट थॉमस माउंट येथील अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी १९६३ पासून हे काम करीत आहे आणि १९९२ पासून महिला अधिकारीही तेथे शिकत आहेत. यांतील अनेक जण १० किंवा १४ वर्षांनी, निवृत्तिवेतनाविना बाहेर पडतात. त्यांच्यासाठी २४ आठवड्यांपर्यंतचे व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम नामांकित संस्थांत आहेत. शेतीमाल प्रक्रिया व निर्यात या क्षेत्रांना अशा माणसांची गरज आहे.

दुसरा गट संख्येने कितीतरी मोठा आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेतील पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ अखेर व २०२७ च्या आरंभी पूर्ण होतात. त्यांतील २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर सेवेत कायम होतील. उरलेले विशीतील तरुण सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी घेऊन परततील. त्यांना निवृत्तिवेतन नाही. दहावीनंतर दाखल झालेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीची आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठामार्फत पदवीची सोय आहे. पदवीचे निम्मे श्रेयांक सेवेतील कौशल्य प्रशिक्षणातून धरले जातात. गावी आल्यावर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, त्यांच्या वयाला योग्य आहेत. तेथे दुग्धव्यवसाय, शेळीपालन इत्यादींचे विनाशुल्क निवासी वर्ग चालतात. हा तरुण गावात आला की त्याच्याकडे सर्वांत आधी कोण पोहोचते, यंत्रविक्रेता की कृषी विज्ञान केंद्र, यावर त्या अकरा लाखांचे बरेचसे भवितव्य ठरेल.

भांडवल आणि प्रशिक्षण यांचा क्रम

तमिळनाडू शासनाने १५ ऑगस्ट २०२४ रोजी चेन्नईत माजी सैनिकांसाठी एक स्वतंत्र उद्योग योजना जाहीर केली. ‘मुदल्वरिन काक्कुम करंगळ’ असे तिचे नाव असून तीत १ कोटी रुपयांपर्यंतचे बँक कर्ज, त्यावर ३० टक्के भांडवली अनुदान व ३ टक्के व्याज सवलत आहे. कर्जासोबत कौशल्य व उद्योजकता प्रशिक्षणाची तरतूद आहे, हा तिचा लक्षणीय भाग होय. महाराष्ट्रातील माजी सैनिकाला ती लागू नाही, पण केंद्राच्या योजना त्याला खुल्या आहेत. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळी-मेंढीपालन व ग्रामीण कुक्कुटपालनासाठी ५० टक्के भांडवली अनुदान आहे आणि अर्जदाराकडे प्रशिक्षण किंवा अनुभव असावा, अशी अटही आहे. ही अट अनेकांना अडचण वाटते. वास्तविक ती अर्जदाराच्याच पैशाचे रक्षण करते. अंशराशीकरणाची रक्कम वर्षभर ठेवीत राहिली तर बुडालेले व्याज फारच थोडे. न शिकता घेतलेल्या दहा गाईंत बुडणारे मुद्दल पुष्कळ.

घरातील दुसरा प्रशिक्षणार्थी

या विषयात एक गोष्ट सर्वाधिक दुर्लक्षित राहते. जवान सीमेवर असताना शेती, जनावरे व घर यांचा कारभार त्याची पत्नी चालवीत असते. निवृत्तीनंतरच्या व्यवसायातही रोजचे अर्धे काम तीच करणार असते. मग प्रशिक्षण एकट्या जवानालाच का द्यावे? तो चेन्नईला किंवा जोधपूरला असतानाच तिला गावाजवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दुग्धव्यवसायाचा वर्ग करता येतो. दोन गाईंवर तिने वर्ष-दोन वर्षे अनुभव घेतला, दूध, चारा व औषधांच्या खर्चाची वही ठेवली, तर निवृत्तीच्या वेळी निर्णय घेण्यास त्या घरापाशी स्वतःचे आकडे असतील. असे घर दहा गाई घेण्यापूर्वी नक्कीच थांबून विचार करील.

यासाठी विस्तार कार्यकर्त्याला फार मोठी यंत्रणा लागत नाही. जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याला भेटून आपल्या केंद्राच्या वार्षिक प्रशिक्षणाचे वेळापत्रक त्यांच्या सूचना फलकावर लावता येते. गावातील माजी सैनिक संघटनेकडून पुढील दोन वर्षांत सेवामुक्त होणाऱ्या जवानांची माहिती मिळते. सैन्यातील जवानाला वर्षाकाठी ६० दिवसांची वार्षिक रजा असते आणि ती बहुतेक जण गावीच घालवितात. पेरणी, कापणी, गावची जत्रा वा गणपती या वेळी रजेवर आलेले जवान गावात असतातच. तीन ते पाच दिवसांचे वर्ग त्याच आठवड्यांत ठेवले आणि पती-पत्नी दोघांनाही बोलावले, तर जवानाचा पहिला धडा त्याच्या सेवामुक्तीच्या बऱ्याच आधी होऊ शकतो. नोंदणी अर्जात ‘सेवेतील काम’ व ‘सेवामुक्तीचा अपेक्षित महिना’ असे दोन रकाने वाढविण्यापासून येत्या हंगामात आरंभ करता येईल.